हे तुम्ही किती वेळा केलंय?

फोन वाजला तेव्हा संघमित्रा ओपीडीत एका बाईंच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज बघत होती. पलीकडून सौमित्र बोलत होता, तिचा फर्स्ट इयरचा ज्युनियर. एरवी तो आधी 'सॉरी मॅडम' म्हणायचा आणि मग कामाचं बोलायचा. आज सॉरी नव्हतं.

"मॅडम, वर या. परबकाकांचं प्रेशर पडतंय. हृदयाभोवतीचं पाणी आत्ताच काढायला पाहिजे. पण त्यांची मुलगी मला हात लावू देत नाहीये."

"का?"

"तिने विचारलं, हे तुम्ही किती वेळा केलंय. मी खरं सांगितलं."

हा प्रश्न त्या मुलीच्या तोंडी कुठून आला, हे संघमित्राला कोणी सांगायची गरज नव्हती. समोरच्या बाईंना "बसा, मी आले," म्हणून ती जिन्याकडे धावली.

हॉस्पिटल कॉटन ग्रीनच्या बाजूला, गोदामांच्या रांगेपलीकडे. गोदीतल्या कामगारांसाठी कुठल्याशा ट्रस्टने कधीकाळी बांधलेलं. संघमित्रा तिथे मेडिसिनची थर्ड इयर रेसिडेंट. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली, घरातली पहिली डॉक्टर, त्यामुळे चाळीतल्या प्रत्येक खोकल्याची आणि प्रत्येक रिपोर्टची ती हक्काची धनीण होती. एकदा शेजारच्या जाईबाई पोटातलं पाणी काढून घरी आल्या आणि तिला म्हणाल्या, "बाय, एकानं विचारलं, दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं टोचलं. सगळ्यांचे डगले पांढरे. त्यातला डॉक्टर कोणता होता गं?"

संघमित्रा आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की ह्यात हसण्यासारखं काही नाही. बाईंच्या पोटात सुई गेली होती आणि ती कोणी घातली हे त्यांना माहीत नव्हतं.

तेव्हापासून सुट्टी मिळेल त्या रविवारी ती चाळीतल्या विहारात बसून लोकांना हॉस्पिटल आतून कसं चालतं ते सांगू लागली. इंटर्न कोण, रेसिडेंट कोण, मोठे डॉक्टर कधी येतात, रात्री वॉर्ड कोणाच्या जिवावर असतो. डॉक्टर शिकतात कसे, हेही तिने सांगितलं. पुस्तकातून शिकतात, सीनियरचं बघून शिकतात, आणि मग एक दिवस माणसाच्या अंगावरच शिकतात. "प्रत्येक डॉक्टरचा कोणीतरी पहिला पेशंट असतो," ती म्हणाली होती, "आणि तो पेशंट एसी रूममध्ये नसतो. तो जनरल वॉर्डात असतो. म्हणजे तुम्ही आणि मी." मग ती म्हणाली, "म्हणून विचारा. हे तुम्ही किती वेळा केलंय, असं सरळ विचारा. समोरच्याला राग आला तर येऊ दे."

चाळीतल्या बुद्धभूषणने तिचं हे बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर टाकलं. नायगावातून परळ, परळवरून लालबाग, दादर, बघता बघता ते सगळीकडे फिरलं. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्येसुद्धा पोचलं. तिचे वरिष्ठ वरदसर त्यावर एवढंच म्हणाले होते, "बघितला तुझा व्हिडिओ. आवाज स्वच्छ आलाय." त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा हे तिला अजून कळलं नव्हतं.

वॉर्डात शिरल्याशिरल्या तिला सगळं दिसलं. दत्ताराम परब पलंगावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. त्यांना आडवं होता येत नव्हतं. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, ओठ काळपट, कपाळावरून घाम ओघळत होता. लालबागचा म्हातारा माणूस. गिरणी बंद पडल्यावर उरलेली नोकरी एका बिल्डिंगमध्ये लिफ्टमन म्हणून केलेला. महिनाभर ताप आणि धाप अंगावर काढून कालच भरती झाला होता. पलंग आणि ट्रॉली यांच्यामध्ये त्यांची मुलगी मेघना उभी होती, दादरच्या साडीच्या दुकानात बिलिंगला असते ती. दुकानाचा बिल्ला अजून तिच्या कुर्त्यावर तसाच होता. दोन्ही हात तिने असे पसरले होते, जणू कोणी बापावर चालूनच येत होतं.

ट्रॉलीपलीकडे सौमित्र ग्लोव्हज घालून उभा होता. चेहरा चुना फासल्यासारखा.

"तुम्ही!" मेघना संघमित्राला बघून म्हणाली. "तुम्हीच ना त्या व्हिडिओतल्या?"

"हो."

"तुम्हीच म्हणालात, विचारा. मी विचारलं. हा म्हणतो, एकदाही नाही! आणि माझ्या बाबांच्या हृदयात सुई घालायला निघाला होता."

"हृदयात नाही, हृदयाच्या बाहेर..." सौमित्र पुटपुटला. संघमित्राने नजरेनेच त्याला गप्प केलं आणि मॉनिटरकडे पाहिलं. वरचं प्रेशर ऐंशीच्या खाली गेलं होतं आणि नाडी धावत होती. तिने छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखे येत होते.

"वरदसर कुठे आहेत?"

"गिरगावात कॉन्फरन्सला होते. निघालेत. कार्डिऑलॉजीचे सर दादरला दुसऱ्या हॉस्पिटलात एका प्रोसीजरमध्ये आहेत, सोडून येऊ शकत नाहीत. वरदसर म्हणाले, संघमित्राला बोलव, तिला येतं."

तिला येतं. संघमित्राने स्वतःशी हिशोब केला. हे तिने पाच-सहा वेळा केलं होतं, पण प्रत्येक वेळी वरदसरांचा हात तिच्या हाताजवळ होता. एकटीने एकदाच, आणि त्या पेशंटच्या छातीत पाणी इतकं होतं की आंधळ्याची सुईही लागली असती.

"तुम्ही किती वेळा केलंय?" मेघनाने विचारलंच.

रेसिडेन्सीच्या पहिल्या आठवड्यात सीनियर एक गोष्ट शिकवतात. पुस्तकात ती कुठेच नसते. नातेवाईकांनी विचारलं तर म्हणायचं, 'रोजच करतो.' हात थरथरला तरी चालेल, चेहरा थरथरता कामा नये. ते वाक्य आत्ता संघमित्राच्या जिभेवर अगदी टेकून उभं होतं. एवढं म्हटलं असतं तर मेघना बाजूला झाली असती. सुई आत गेली असती. कोणाला काय कळणार होतं?

"माझ्याकडे बघा, मेघना," ती म्हणाली. "पाच-सहा वेळा. सर शेजारी असताना. एकटीने फक्त एकदा."

मेघनाचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हीपण..."

"अर्धं ऐकू नका. हृदय एका पिशवीत असतं. बाबांच्या त्या पिशवीत पाणी भरलंय. हृदयाला फुलायला जागा राहिलेली नाही, म्हणून प्रेशर पडतंय. सर येईपर्यंत थांबलो तर हृदय बंद पडू शकतं. मी सुई घातली तर बहुतेक पाणी निघेल. चुकली तर हृदयाला किंवा लिव्हरला लागू शकते. माझ्यापेक्षा जास्त वेळा हे केलेलं माणूस आत्ता ह्या इमारतीत नाही. खरं आहे ते असं आहे."

"मग मी काय करू?" मेघनाचा आवाज फाटला. "विचारायला शिकवलंत ना? मग आता ह्या उत्तराचं मी काय करू, ते पण सांगा!"

विहारात कोणी हे विचारलं नव्हतं आणि संघमित्रालाही सुचलं नव्हतं. प्रश्न तिने सगळ्यांच्या हाती दिला होता. उत्तर हातात आल्यावर ते धरायचं कसं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. मॉनिटर टुणटुणत होता. सिस्टर ट्रॉलीजवळ चुळबुळत होत्या. शेजारच्या पेशंटच्या बायकोने डोळ्यांवर पदर घेतला होता.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, अर्धा श्वासाचा, अर्धा शब्दांचा.

"मेघा... बाजूक हो गो."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. दत्ताराम मान वर करून बघत होते. डोळे थकलेले, पण शुद्धीवरचे.

"माका इचारा," ते म्हणाले. "जीव... माझो आसा."

संघमित्राला कोणीतरी कानशिलात मारावी तसं झालं. सौमित्रने मुलीला विचारलं होतं, मुलीने डॉक्टरला, तिने स्वतः मुलीला सगळं समजावून सांगितलं होतं. ज्याच्या छातीत सुई जाणार होती तो माणूस चार हातांच्या अंतरावर बसून सगळं ऐकत होता, आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ती त्यांच्यासमोर वाकली. "काका, छातीच्या हाडाखालून सुई घालते. दुखेल. आणि धोका आहे, तुम्ही ऐकलंत. घालू?"

दत्ताराम परबांनी मान हलवली. मग मुलीकडे बघून पुन्हा हलवली. मेघना दोन पावलं मागे सरली. सिस्टरनी पडदा ओढला, पण तो पुरता बंद होईना, आणि त्या फटीतून मेघना दिसत राहिली.

पलंगाची पाठ उंच केली. संघमित्राने ग्लोव्हज चढवले. सौमित्रला म्हणाली, "इकोचा प्रोब तू धर. मला स्क्रीनवर सुई दिसली पाहिजे. दिसली नाही तर सांग."

भुलीचं इंजेक्शन दिलं. मग लांब सुई, मागे सिरिंज. छातीच्या हाडाच्या टोकाखाली, डाव्या खांद्याच्या दिशेने. ती सुई कणाकणाने पुढे सरकवत सिरिंजचा दट्ट्या मागे ओढत होती. काही येत नव्हतं. आणखी पुढे. तरी काही नाही. तिच्या पाठीवरून घामाचा ओघळ सरकत गेला. अजून थोडं आत जावं असं तिला वाटलं, मनगट तसं वळलंही.

"थांबा," सौमित्र म्हणाला.

वॉर्डात ज्युनियर सीनियरला थांबा म्हणत नाही. सौमित्र गिरगावच्या डॉक्टरांच्या घरातला मुलगा, खोताच्या वाडीच्या तोंडाशी त्याच्या वडलांचा दवाखाना. त्याला तर हे लहानपणापासून माहीत असणार. तो स्वतःच दचकल्यासारखा दिसला. पण पुढे बोलला. "सुई स्क्रीनवर नाहीये मॅडम. तुम्ही लिव्हरकडे जाताय. मागे या. थोडं आडवं धरा."

संघमित्राने सुई मागे घेतली. दिशा बदलली. पुन्हा आत शिरली.

"आता दिसते. तशीच या. तशीच... "

हाताला एक बारीकसा झटका कळला, जाड कापडातून टाका जावा तसा. सिरिंज भरली. आत आलेलं पाणी लालभडक होतं.

सिस्टरच्या तोंडून "अगंबाई" निसटलं. पिशवीतलं पाणी रक्तासारखं असू शकतं. पण सुई हृदयाच्या आतही असू शकते. त्या घडीला रंगावरून काही सांगता येत नव्हतं. पूर्वीच्या संघमित्राने चेहरा कोरा ठेवून पुढचं पाऊल टाकलं असतं. ही मोठ्याने म्हणाली, "लाल आलंय. मी पिशवीत आहे की हृदयात, कळत नाही. सलाईन हलवून द्या, बुडबुडे बघूया. सौमित्र, बुडबुडे कुठे जातात ते सांग."

फटीतून मेघनाचा दबलेला हुंदका ऐकू आला. संघमित्राने फेसाळलेलं सलाईन सुईतून सोडलं. सौमित्र स्क्रीनला नाक लावून उभा होता. कोणी श्वास घेत नव्हतं, एक दत्ताराम सोडून, आणि त्यांनाही तो घेणं जड जात होतं.

"बाहेर आहेत," सौमित्र म्हणाला. मग जोरात, "बाहेर आहेत मॅडम! पिशवीत! आत एकही नाही!"

तिने पाणी ओढायला सुरुवात केली. एक सिरिंज, दुसरी, तिसरी. मॉनिटरवरचा आकडा आधी तिथेच अडून बसला, मग हळूहळू चढू लागला. सुईच्या जागी तिने बारीक नळी सरकवली आणि टाक्याने बांधली. दत्ताराम मागे रेलले, कालपासून पहिल्यांदाच. त्यांनी इतका लांब श्वास घेतला की शेजारच्या पेशंटच्या बायकोनेही पदर बाजूला करून बघितलं.

वरदसर आले तेव्हा कॉन्फरन्सचा बिल्ला त्यांच्या कोटावर लटकत होता. त्यांनी नळी बघितली, मॉनिटर बघितला, सिरिंजमधलं पाणी उजेडात धरून बघितलं. "टीबी असणार. तपासायला पाठव," ते म्हणाले. "चांगलं केलंस." मग तोच आवाज जराही न बदलता, "ड्युटी रूममध्ये ये."

दार लावून घेतल्यावर त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला.

"मला सगळं सिस्टरनी सांगितलंय. त्या मुलीने अडवलं तेव्हा प्रेशर किती होतं?"

"नव्वदच्या वर."

"आणि तू सुई घातलीस तेव्हा?"

"ऐंशीच्या खाली," संघमित्रा म्हणाली.

"मधला सगळा वेळ तुझ्या व्हिडिओने खाल्ला. मी पहिल्यांदा हे केलं ना, तेव्हा पेशंटच्या बायकोने मला हाच प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, रोजच करतो. तो माणूस चालत घरी गेला. माझ्या खोट्याने तो वाचला. तुझ्या खऱ्याने आज एक माणूस जाता जाता राहिला."

हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. तिने मान खाली घातली. मग तशीच खाली बघत म्हणाली, "आणि जे वाचले नाहीत, सर? त्यांच्या बायकांनाही रोजच करतो म्हणूनच सांगितलं असेल ना कोणीतरी? त्या अजूनही समजत असतील, नशिबात नव्हतं."

वरदसर खिडकीशी गेले. बाहेर लाकडाच्या वखारीत करवत चालू होती, तिचा आवाज काचेतूनही आत येत होता.

"सौमित्रने नुसतं 'रोजच करतो' म्हटलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"तर त्याने सुई घातली असती. आज तिरकी गेली ती माझी सुई होती, सर. त्याची तिरकी गेली असती तर स्क्रीनकडे बघायला कोण होतं? सिस्टरना इको येत नाही."

"हे तर्क मला नको सांगूस." त्यांनी वळून बघितलं. "व्हिडिओ आज काढून टाक. नाहीतर मला हे वर कळवावं लागेल. परीक्षा तोंडावर आलीय तुझी. फॉर्मवर सही माझी लागते, हे मी तुला सांगायला नको."

ती बाहेर आली तेव्हा मेघना जिन्याच्या पायरीवर बसली होती. हातात चहाचा कागदी कप होता, त्यावर साय धरली होती. संघमित्रा तिच्याशेजारी बसली.

"तुमचा राग येतोय मला," मेघना म्हणाली. "वाचवलंत तुम्हीच, पण राग येतोय. आधी बरं होतं. डॉक्टर सांगायचे, आपण मान डोलवायची. वाईट झालं तर देवाने केलं. आज काही झालं असतं तर ते मी केलं असतं. आयुष्यभर भावकी म्हणाली असती, मेघाने सुई लावू दिली नाही, म्हणून दत्ताराम गेला."

संघमित्राला समजूत घालणारी वाक्यं खूप येत होती. ती सगळी तिने गिळली. "एक विचारू? सौमित्र 'नाही' म्हणाला. त्या 'नाही'नंतर तो काय बोलला असता, तर तुम्ही लवकर बाजूला झाला असतात?"

मेघनाने कप पायरीवर ठेवला. "तो 'नाही' म्हणाला आणि गप्प झाला. नुसता बघत राहिला माझ्याकडे. 'नाही'च्या पुढे काहीतरी पाहिजे होतं ना! म्हणजे, मी केलेलं नाही पण केलेली मॅडम येतायत. किंवा थांबलो तर काय होईल. नुसतं 'नाही' म्हणजे... काळोख केल्यासारखं झालं मला. तुम्ही खरं सांगा म्हणता, पण खरं सांगून तिथेच सोडून देऊ नका हो माणसाला."

संघमित्रा त्या संध्याकाळी चालत घरी गेली. वाटेतून तिने बुद्धभूषणला फोनवर सगळं सांगितलं होतं; तो चाळीच्या दारात मोबाईल घेऊन उभाच होता. तो म्हणाला, "ताई, काढून टाकायचा तर सांग, एका बोटाचं काम आहे." "थांब जरा," ती म्हणाली. आई-बाबांनी ज्या दिवसासाठी तीस वर्षं ह्या दहा बाय बाराच्या खोलीत काढली, तो दिवस एका सहीवर अडला होता. घरात कोणाला तिने काही सांगितलं नाही. जेवणाचं ताट तिने तसंच सरकवलं. आईने विचारलं तर म्हणाली, कॅन्टीनमध्ये खाल्लंय. आज दिवसभरात बोललेलं हे एकच खोटं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

सकाळी राउंडच्या आधी ती वरदसरांसमोर उभी राहिली.

"व्हिडिओ काढत नाही, सर. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. विचारा म्हणून सांगितलं. उत्तर आल्यावर पुढे काय विचारायचं, घाई असेल तेव्हा काय करायचं, पेशंट शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारायचं, हे राहिलं. रविवारी सांगणार आहे. काय सांगणार ते तुम्हाला आधी दाखवते. चुकत असेन तर तिथे दुरुस्त करा."

"मी काल रात्रीच वर कळवलंय," वरदसर म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "कमिटी बसेल. आता माझ्या हातात नाही."

"बरं, सर," एवढंच ती म्हणाली आणि वॉर्डात शिरली.

दत्ताराम परब उठून बसले होते आणि चहात बिस्कीट बुडवत होते. धाप पुष्कळ कमी झाली होती, पण एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाबाहेरही पाणी दिसत होतं. तेही काढायचं होतं, पाठीतून. कालच्यासारखं जिवावरचं काम नव्हतं, घाई नव्हती, तरी सुई ती सुईच. हे फर्स्ट इयरचं काम. आणि सौमित्रने हेही एकट्याने कधी केलेलं नव्हतं.

संघमित्रा काही बोलायच्या आत तोच पुढे झाला. स्टूल ओढून काकांसमोर बसला, म्हणजे त्यांना मान वर करायला लागू नये.

"काका, तुमच्या पाठीतून थोडं पाणी काढायचंय. मी हे बघितलंय बऱ्याचदा, पण माझ्या हाताने पहिल्यांदाच करणार. मॅडम शेजारी उभ्या राहतील. सुई नीट जात नाहीये असं मला वाटलं, तर मी थांबेन आणि त्या करतील. आजच्या आज केलंच पाहिजे असं नाही. तुम्हाला नको असेल तर पहिल्यापासून मॅडमच करतील. त्यात मला वाईट वाटणार नाही." तो थांबला, मग म्हणाला, "थोडं वाटेल."

मेघना पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने काही बोलायला तोंड उघडलं आणि बापाकडे बघून मिटलं.

दत्तारामांनी बिस्कीट संपवलं. "मी लिफ्टमन म्हणान लागलंय ना," ते सावकाश म्हणाले, "पयल्याच दिसाक शेटाक दोन माळ्यांच्या मधी अडकवलंय. लय बोंबललो तो. तेका कोणी सांगूक नाय, ह्यो नवो आसा म्हणान. सांगला असता तर तो जिन्यान गेलो असतो."

"मग तुम्हीपण जिन्याने जा, काका," संघमित्रा म्हणाली. "खरंच चालेल."

"नको गो. सगळे जिन्यान गेले तर ह्येका लिफ्ट येतली कशी?" ते वळून, टेबलावर हात ठेवून, पाठ करून बसले. "कर तू. पण बोलत रव. गप रवलंस काय माका भिया वाटता."

सौमित्रने हात धुतले. ह्या वेळी पडदा ओढायला गेलेल्या सिस्टरना मेघना म्हणाली, "मी आत थांबते," आणि बापाचा हात धरून थांबली.

"आता पुसतोय काका, गार लागेल. आता बरगड्या मोजतोय. ही जागा. भुलीची सुई, मुंगी चावल्यासारखी नाही, चांगली दुखेल." दत्ताराम कण्हले. "हो, झालं. आता मोठी. हात थोडा थरथरतोय माझा, एक सेकंद थांबतो." संघमित्राचा हात आपोआप पुढे गेला, मग तिने तो मागे घेतला. सौमित्रने श्वास सोडला. "ठीक आहे आता. आत जातोय. खोकला आला तर आधी सांगा. सावकाश... सावकाश... आलं. पिवळं पाणी येतंय काका, जसं यायला पाहिजे तसं."

"गावला?"

"गावलं."

मेघना हसली आणि हसताना रडायला लागली. संघमित्राने वर पाहिलं तेव्हा पडद्याच्या कडेला वरदसर उभे दिसले. ते केव्हा आले होते कोण जाणे. बाटली भरून सुई बाहेर निघेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग पुढे होऊन त्यांनी पट्टी बघितली, दत्तारामांची नाडी बघितली आणि सौमित्रकडे बघून मान हलवली, कौतुकाची की नुसती, ते कळलं नाही.

"संघमित्रा," ते म्हणाले, "कमिटीने तुला दुपारी बोलावलंय. सौमित्रलाही घेऊन ये."

"हो, सर."

"मी येऊ?" मेघनाने विचारलं. नाक ओढत, ओढणीने डोळे पुसत, पण आवाज कालच्यासारखाच खणखणीत होता. "मला सांगायचंय काल काय झालं ते. ह्यांची चूक पण सांगेन आणि माझी पण."

"नातेवाईकांना तिथे बोलावत नाहीत," वरदसर म्हणाले.

"माहितेय. म्हणूनच विचारते."

वरदसरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पलंगावर आडवे होऊन छत न्याहाळणाऱ्या दत्ताराम परबांकडे, ट्रॉलीवरच्या पिवळ्या पाण्याच्या बाटलीकडे. संघमित्रा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तीन वाजता," ते म्हणाले. "पहिला मजला. कोणी अडवलं तर माझं नाव सांगा." आणि पुढच्या पेशंटकडे वळले.